आवाज येतो, पण चित्र येत नाही

कार्तिकी एकादशीपासून खोपोलीजवळच्या साजगाव-ताकईला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. विठोबाच्या दारात सुक्या बोंबलांचा बाजार, असा हा मामला. बाहेरच्या माणसाला ऐकून धक्का बसतो. इथली घरं मात्र याच यात्रेत सुक्या मासळीची बेगमी करून ठेवतात. माझ्या शाळेच्या दिवसांत, २००५ नंतरची चारपाच वर्षं, या यात्रेत व्हीसीडीवालेही बसायचे. प्लास्टिकच्या पातळ पाकिटांत आगरी-कोळी गाणी, कीर्तनं, दादा कोंडक्यांचे सिनेमे. टेबलावर एक छोटा टीव्ही आणि प्लेअर. गिऱ्हाईक म्हणायचं, "लावून दाखवा." तो लावायचा. गाणं वाजायचं, पैसे दिले जायचे, आणि घरी आल्यावर तीच तबकडी आपल्या प्लेअरमध्ये 'नो डिस्क' म्हणून बाहेर यायची. परत गेलं की उत्तर ठरलेलं: "आमच्याकडे चालली ना? मग तुमच्या प्लेअरचा प्रॉब्लेम."

पुढे सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागल्यावर कळलं की हे वाक्य आमच्या धंद्यातही रोज बोललं जातं. 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' हे वाक्य नेमकं किती जुनं आहे, याचा शोध घ्यायचा तर व्हीसीडीच्या बरंच मागे जावं लागतं. पण आधी व्हीसीडीच बघू, कारण तिच्या बिघाडांत एक वेगळीच गंमत आहे.

व्हीसीडीचं प्रमाण १९९३ साली ठरलं. गाण्यांच्या सीडीएवढ्याच तबकडीवर ७४ मिनिटांचं चित्र बसवायचं, हे उद्दिष्ट. त्यासाठी चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं केलं. आजच्या फुल एचडी चित्रात याच्या वीसपट ठिपके असतात. तेवढ्यानेही भागेना, म्हणून आणखी एक काटकसर केली. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक कप्प्यात २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चूक सुधारण्यासाठीची जादा बेरीज-वजाबाकी. व्हीसीडीने ही जादा बेरीज-वजाबाकी टाकून दिली आणि त्याच कप्प्यात २३२४ बाइट कोंबले. हिशोब असा, की हिशोबाच्या फाइलमध्ये एक आकडा चुकला तर सगळं वाया जातं. सिनेमात एखादा चौकोन चुकला तर कोणाचं काय बिघडतं? म्हणून ओरखडा आला की व्हीसीडीतल्या नायकाच्या गालावर हिरवे चौकोन यायचे, तो क्षणभर थिजायचा आणि पुढे चालू पडायचा. बंद पडायचा नाही. घरातली मोठी माणसं तबकडी सदऱ्याला पुसून परत घालायची. तिच्यावर तूप लावणारेही मी पाहिलेत.

मराठी-हिंदी सिनेमा ७४ मिनिटांत मावत नाही, म्हणून दोन तबकड्या, कधी तीन. पहिली संपली की कोणीतरी उठायचं आणि तेवढ्यात चहा व्हायचा. मध्यंतराची ही जागा दिग्दर्शकाने नाही, तबकडीच्या व्यासाने ठरवलेली असायची. २००७ च्या सुमारास एका मोठ्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याने आणणं आणि विकत घेणं यांतला फरकच संपला. त्याच काळात लोडशेडिंगही होतं. १९१५ पासून मुंबईला वीज पुरवणारं जलविद्युत केंद्र शेजारी खोपोलीत, आणि आमच्याकडे सिनेमाचा शेवट उद्या.

आणखी एक बिघाड होता, जो कोणाच्या लक्षातच आला नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ चित्रांचा. एकाचं दुसऱ्यात बसवण्याचा सोपा मार्ग म्हणजे सिनेमा थोडा जोरात पळवणे. चार टक्के. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपतो आणि गाण्याचा स्वर जवळजवळ पाऊण अर्धस्वराने, म्हणजे पूर्ण अर्ध्या स्वरापेक्षा जरासा कमी, वर चढतो. ज्यांनी जुनी गाणी टीव्हीवरच पहिल्यांदा ऐकली, त्यांच्या कानात ती थोडी चढ्या पट्टीत बसली असणार. रेकॉर्डवर तेच गाणं ऐकलं की 'हे जरा संथ वाटतं' असं म्हणणारी माणसं चुकत नव्हती.

वेगाचा हा घोळ मात्र टीव्हीने सुरू केला नाही. तो आपल्याकडे सिनेमाबरोबरच आला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत कॉरोनेशनमध्ये लागला. लांबी सुमारे ३७०० फूट, चार रिळं. आता इथे इंजिनिअरी डोकं थोडं चालवू. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं मावतात. मूकपटाचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर हाताने फिरवत. सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं हा त्या काळचा नेहमीचा वेग. म्हणजे सेकंदाला एक फूट, आणि ३७०० फुटांचे होतात ६१-६२ मिनिटं. पण या चित्रपटाची लांबी जागोजागी ४० मिनिटं लिहिलेली सापडते. ३७०० फूट २४ च्या वेगाने पळवले तर ४१ मिनिटं होतात! बोलपटासाठी ठरलेल्या वेगाने मूकपटाची लांबी मोजली की असं होतं. मूकपटातली माणसं तुरुतुरु का चालतात, याचंही उत्तर हेच. फाळक्यांची माणसं तशी चालत नव्हती. आपलं यंत्र त्यांना तसं चालवतं.

हा प्लेबॅकचा दोष आहे, फिल्मचा नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण घरच्या टीव्हीपुढे बसून 'फाइल खराब आहे' म्हणणाऱ्या बहुतेक लोकांची फाइल खराब नसते. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने कसं वाचायचं, याचा दोघांमध्ये एक करार असतो. तो करार कुठेतरी पाळला गेलेला नसतो, एवढंच.

कधी करार व्हायच्या आधीच माल बाजारात येतो. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनीने 'सैरंध्री' रंगीत करायचं ठरवलं. व्ही. शांताराम त्यासाठी जर्मनीपर्यंत गेले, फिल्मवरची प्रक्रिया आणि प्रती तिथे करून घेतल्या. पडद्यावर रंग भडक आणि विचित्र आले, आणि भारतातला पहिला रंगीत चित्रपट होण्याचा मान हुकला. एक वर्ष आधी याच प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढून मराठीला पहिला बोलपट दिला होता. तो आजही बघता येतो. १९३१ चा 'आलम आरा' मात्र बघता येत नाही, कारण त्याची एकही प्रत उरलेली नाही.

'राजा हरिश्चंद्र'ची दोन रिळं उरली, पहिलं आणि शेवटचं. तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीची, असं अनेक अभ्यासक मानतात. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी अशी रिळं गोळा करण्यात आयुष्य घालवलं. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे रसायनाच्या दृष्टीने बंदुकीच्या दारूची चुलतबहीण. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटची हजारो रिळं गेली. ज्यांची आधीच दुसऱ्या, न पेटणाऱ्या फिल्मवर नक्कल झाली होती, ते सिनेमे वाचले. ज्यांची झाली नव्हती, त्यांची नावंच यादीत उरली.

पण दोन रिळं उरली तर दोन रिळं दिसतात. फिल्म उजेडापुढे धरली तर यंत्राशिवायही राजा, राणी, रोहिदास दिसतात. तुटली तर डिंकासारखा सिमेंट लावून जोडता येते. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू-टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, २०१६ चा. त्यात गंजलेले प्रोजेक्टर आहेत, ते आयुष्यभर दुरुस्त करणारा एक कारागीर आहे आणि रिळांच्या जागी आलेला डिजिटल प्रोजेक्टरही आहे. जुन्या यंत्राचा बिघाड त्या कारागिराला हाताने चाचपता येतो. दाता झिजलाय, पट्टा ढिला आहे, दिवा गेलाय. डिजिटल यंत्र बिघडलं की पडद्यावर एक वाक्य येतं आणि माणूस फोन लावतो.

हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. 'हा फॉरमॅट सपोर्टेड नाही.' टीव्हीच्या मागे पेनड्राइव्ह खोचलेला, घरातली माणसं ताटं घेऊन बसलेली, आणि हे वाक्य.

त्यामागे काय असतं, तर डबा आणि डब्यातला पदार्थ. फाइलच्या नावाचा शेवट, एव्हीआय, एमपी-फोर, एमकेव्ही, हे फक्त डब्याचं नाव आहे. आत चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या. या दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आपल्या घरात बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. टीव्हीला एमकेव्ही डबा उघडता येतो. पण आतलं चित्र एचईव्हीसी पद्धतीचं असलं आणि ती त्याला येत नसली, की आवाज येतो, चित्र येत नाही. आवाज डीटीएसचा असला आणि त्याचा परवाना टीव्हीवाल्याने घेतलेला नसला, की उलटं होतं. १९१३ सारखा मूकपट, फक्त रंगीत.

या परवान्यांचा इतिहास वाचताना हसावं की चिडावं कळत नाही. १९९९ मध्ये जेरोम रोटा नावाच्या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टच्या कोडेकमध्ये फेरफार करून तो कुठल्याही एव्हीआय डब्यात चालेल असा केला. त्यातून डिव्हएक्स आलं, आणि अख्खा सिनेमा एका ७०० एमबीच्या सीडीवर मावायला लागला. दुसऱ्या काहींनी तसाच पण खुला कोडेक लिहिला, त्याचं नाव एक्सव्हिड. डिव्हएक्स उलटं लिहिलेलं. मग 'डिव्हएक्स चालतं' असा शिक्का मारलेले डीव्हीडी प्लेअर आले. एव्हीआय फाइलच्या सुरुवातीला चार अक्षरांत कोडेकचं नाव असतं. कित्येक प्लेअर ती चार अक्षरं वाचून एक्सव्हिडला दारातूनच परत पाठवायचे. एक छोटंसं सॉफ्टवेअर घेऊन ती चार अक्षरं बदलली, की तीच फाइल, आत काही न बदलता, सुरळीत चालायची. नाव बदललं की पंगतीत पान, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

रास्पबेरी पाय नावाचा स्वस्त, तळहाताएवढा संगणक २०१२ मध्ये आला. घरचा मीडिया प्लेअर करायला लोकांनी तो हातोहात उचलला. डीव्हीडीचं चित्र, म्हणजे एमपेग-टू, उलगडायची ताकद त्याच्या चिपमध्ये होती, पण कुलूप लावलेलं. सव्वादोन-अडीच पौंड भरले की तुमच्या पायच्या क्रमांकापुरती किल्ली मिळायची. पेटंटचे पैसे किमतीत धरले असते तर वस्तू स्वस्त राहिली नसती, म्हणून ही व्यवस्था. पुढे अमेरिकेत एमपेग-टूची पेटंटं २०१८ मध्ये संपली. एचईव्हीसी २०१३ साली प्रमाण झाला, आणि त्याच्या पेटंटांचे पैसे मागणारे तीन वेगवेगळे गट उभे राहिले. स्वस्त टीव्ही आणि बॉक्स बनवणाऱ्यांनी मग आपापला मार्ग काढला: कोणी पैसे भरले, कोणी पर्याय गाळला, कोणी खोक्यावर 'फोर-के' लिहून मोकळं झालं. याला कंटाळून गूगलसह अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन २०१८ मध्ये एव्ही-वन हा विनाशुल्क कोडेक आणला. तो उलगडणारी चिप तुमच्या टीव्हीत नसली, तर त्याचा तुम्हाला उपयोग शून्य.

या सगळ्यात ज्याने सामान्य माणसाला वाचवलं, तो नारिंगी शंकू. व्हीएलसी. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना हॉस्टेलचं नेटवर्क वेगवान करून हवं होतं. कारण दाखवायला त्यांनी नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायचा प्रकल्प काढला. २००१ मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला. सगळे कोडेक पोटात घेऊन फिरणारा हा प्लेअर कोणाच्या कराराची वाट बघत नाही. भारतात २०२२ मध्ये त्याची वेबसाइट काही महिने उघडत नव्हती, नोव्हेंबरात परत उघडली. दरम्यान ज्यांच्याकडे तो आधीपासून होता, त्यांना काही फरक पडला नाही.

व्हीएलसीही जिथे हात टेकतो, अशी एक फाइल आहे, आणि ती तुमच्या फोनमध्ये तयार होते. एमपी-फोर डब्यात कुठलं चित्र कुठे ठेवलंय याची अनुक्रमणिका असते. फोन साधारणपणे ती चित्रण संपल्यावर, शेवटी लिहितो. चित्रण चालू असताना बॅटरी गेली किंवा फोन पाण्यात पडला, तर सगळी चित्रं आत असतात, अनुक्रमणिका नसते. दीड जीबीची फाइल, आणि एक सेकंद दिसत नाही. त्याच फोनवर तशाच सेटिंगने काढलेला दुसरा, धडका व्हिडिओ नमुना म्हणून दिला तर त्यावरून हरवलेली अनुक्रमणिका नव्याने बांधणारी सॉफ्टवेअरं आहेत, बऱ्याचदा ती यशस्वी होतात. म्हणून अशी फाइल डिलीट करू नका आणि तो फोनही लगेच विकू नका. फाळक्यांचं अर्धं हरवलेलं काम अर्धं दिसतं. आपलं ९९ टक्के शिल्लक असलेलं काम अजिबात दिसत नाही.

देवनागरीचा त्रास आणखी वेगळा. मराठी सबटायटल टीव्हीवर उघडा. एकतर चौकोन दिसतात, म्हणजे फॉन्टच नाही. नाहीतर परदेशी टोप्या घातलेली रोमन अक्षरं, म्हणजे फाइल युनिकोड आहे हे यंत्राला कोणी सांगितलं नाही. तिसरा प्रकार बघून जीव कासावीस होतो: अक्षरं ओळखीची, पण पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन पडलेली, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर साठवतात आणि दाखवताना अक्षराच्या आधी काढतात. ही अदलाबदल करायचं काम दाखवणाऱ्या यंत्राचं. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, तरी स्वस्त बॉक्सच्या प्लेअरमध्ये हे काम आजही राहून गेलेलं दिसतं, कारण तो लिहिणाऱ्याच्या भाषेत अशी वेलांटी नसते. आणि हिंदीपुरतं जमवलेल्या ठिकाणीही मराठीचा अर्धा 'र' अडकतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत डोंगर आणि समुद्राएवढं अंतर आहे, हे यंत्राला कोण सांगणार?

सिनेमांचं एक वेळ ठीक आहे. त्यांच्या प्रती कुठेतरी असतात, संग्रहालयं असतात, नायर असतात. लग्नांच्या चित्रणाला कोणी नाही. आमच्या भागात नव्वदीत लग्नाची कॅसेट असायची, दोन हजारनंतर सीडी, मग डीव्हीडी. शूटिंगवाला छोट्या डिजिटल टेपवर चित्रण करायचा, त्याचं मिक्सिंग करून तबकड्या द्यायचा, आणि टेप पुढच्या लग्नाला वापरायचा. टेप महाग होती. मी इंजिनिअर असल्याचं कळल्यापासून आळीतल्या अशा तबकड्या माझ्याकडे येतात. इलाज ठरलेले आहेत. व्हीसीडीतली डॅट नावाची फाइल म्हणजे आत एमपेगच असतो; नावाचा शेवट बदलला तरी बहुतेक वेळा चालते. नेहमीच्या पद्धतीने ती संगणकावर कॉपी करायला जाल, तर ओरखड्यापाशी सगळी कॉपीच रद्द होते, कारण संगणकाला ती हिशोबाची फाइल वाटते आणि तो एकही चूक चालवून घेत नाही. त्यासाठी खराब कप्पे सोडून पुढे जाणारं आणि नंतर परत येऊन पुन्हा प्रयत्न करणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. एकच तबकडी दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघावी; एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. डीव्हीडीतल्या हालत्या माणसांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या, तर फाइल बिघडलेली नाही. जुना टीव्ही एक आड एक ओळी दाखवायचा, त्यासाठी ते चित्रण केलेलं आहे. प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करायचं.

गेल्या वर्षी शेजारच्या काकू नणंदेच्या लग्नाची सीडी घेऊन आल्या, २००३ ची. त्यांच्या सासूबाई धवलारीण होत्या. रायगडातल्या आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावायचा मान जिचा, ती धवलारीण. ते धवले तोंडपाठ असतात, एकीकडून दुसरीकडे जातात, आणि आता गाणाऱ्या थोड्याच उरल्यात. सासूबाई वारल्या, वहीत काही लिहिलेलं नाही. त्या सीडीत त्या गाताना आहेत, एवढं काकूंना आठवत होतं.

सीडी वाचायला दोन रात्री लागल्या. शेवटी दहाबारा सेकंद सोडून सगळं निघालं. चित्र स्वच्छ. मांडवात सासूबाई बसलेल्या, शेजारी दोघीजणी, तिघींचे ओठ हलतायत. आणि आवाजाच्या जागी, त्या वर्षी सगळीकडे वाजणारं एक हिंदी सिनेमाचं गाणं. शूटिंगवाल्याने मिक्सिंग करताना मांडवातला आवाज काढून वर गाणं टाकलं होतं. तेव्हा सगळेच टाकायचे, तसंच लोकांना हवं असायचं. फाइलमध्ये आवाजाचा दुसरा माग नव्हता. शूटिंगवाल्याला फोन केला. टेप केव्हाच पुसली होती.

काकूंनी ते दोनदा पाहिलं. मग म्हणाल्या, "ते गाणं बंद कर रे." मी आवाज बंद केला. त्या टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसल्या आणि सासूबाईंच्या ओठांकडे बघत हळू आवाजात म्हणायला लागल्या. पहिली ओळ बसली. दुसरीला ओठ आधी मिटले, शब्द उरले.

"मागे घे," त्या म्हणाल्या. मी दहा सेकंद मागे घेतलं.